कित्ता कोणाचा गिरवावा?



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी वरचेवर निघत असतो. एखादा बंधू म्हणतो, "प्रभू येशू हाच आमचा आदर्श आहे. माणूस तो शेवटी माणूसच. मग होऊन गेलेल्या मिशनऱ्यांची व उपदेशकांची चरित्रे आम्हांस कशास हवीत?" त्यास दुसरा उत्तर देतो, "प्रभू तो देवाचा पुत्र; त्याच्यासारखे वागणे आम्हां शेतकऱ्या-मजुरांस कोठून साधणार? आमचे उपदेशक जसे वागतात तसे आम्ही वागू, म्हणजे झाले." पहिल्याचे बोलणे भक्तीचे दिसते व दुसऱ्याचे नम्रतेचे. परंतु दोघांच्याही बोलण्यात सत्य अर्धेच आहे, आणि अर्ध्या सत्याच्या पायावर घर बांधले असता ते पहिल्याच पावसाळ्यात खचते. यास्तव हा प्रश्न जरा खोल जाऊन पाहणे इष्ट आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, एकविसाव्या वचनात, ख्रिस्ताने दुःख सोसून आपल्यापुढे काय ठेविले हे सांगताना आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'कित्ता' हा शब्द योजिला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही असाच आहे: मुलांनी पाहून गिरवावे म्हणून शिक्षकाने लिहून दिलेली अक्षरे. ज्यांनी शाळेत कित्ता गिरविला आहे त्यांस हा दृष्टांत निराळा समजावून सांगणे नको. कागदाच्या माथ्यावर गुरुजींची सुवाच्य ओळ असते. मूल पहिली ओळ तिच्याकडे पाहून लिहिते. ती बरी उतरते. दुसरी ओळ लिहिताना त्याची नजर माथ्यावर जात नाही. ती स्वतःच्याच वरच्या ओळीवर जाते. तिसरी लिहिताना दुसरीवर. पहिल्या ओळीत जो काना थोडा वाकला होता तो पाचवीत आडवा होतो, आणि कागदाच्या तळाशी पोहोचेपर्यंत गुरुजींचे अक्षर कोणते होते हे ओळखू येत नाही. मुलाने आळस केला असे नाही. त्याने प्रत्येक ओळ मनापासून लिहिली. चूक एवढीच झाली की त्याने जवळची ओळ पाहिली, माथ्यावरची पाहिली नाही.

मंडळीचेही असेच होते. आजोबांनी प्रभूकडे पाहून आपली ओळ लिहिली. बापाने आजोबांकडे पाहिले, मुलाने बापाकडे. आजोबांनी जातीचा अभिमान टाकिला होता. बापाने तो थोडासा, लग्नसंबंधापुरता, परत घेतला. मुलगा उपासनेतही कोणाशेजारी बसावे ह्याचा विचार करू लागला. कोणास विचारले तर तो म्हणेल, "आमच्या घराण्यात असेच चालत आले आहे." चालत आले हे खरे; पण कोठून निघाले होते?

तर मग पहिल्या बंधूचेच म्हणणे खरे मानावे काय? माणसांकडे मुळीच पाहू नये काय? तसेही नाही. पवित्र शास्त्र आपणांस माणसांकडे पाहावयास सांगते, आणि ते कसे पाहावे हेही सांगते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, सातव्या वचनात, ज्या पुढाऱ्यांनी देवाचे वचन सांगितले त्यांची आठवण ठेवावी, त्यांच्या आयुष्याची अखेर कशी झाली ते न्याहाळावे, आणि त्यांच्या विश्वासास अनुसरावे, असा बोध आहे. येथे त्यांच्या पोशाखाचे, बोलण्याच्या ढबीचे किंवा मोठमोठ्या कामांचे अनुकरण करण्याविषयी शब्दही नाही. विश्वासाचे सांगितले आहे. आणि त्याच्याच पुढचे वचन येशू ख्रिस्त काल, आज व सर्वकाळ न बदलणारा आहे असे सांगते. ही दोन वचने शेजारी शेजारी उगीच आलेली नाहीत. पुढारी येतात व जातात. ज्याच्याकडे ते पाहत होते तो जात नाही.

शाळेचाच दृष्टांत पुढे नेऊ. गुरुजींची ओळ इतकी सुरेख असते की लहान मूल म्हणते, "हे माझ्या हाताने होणार नाही." तेव्हा शेजारी बसलेला दोन वर्षांनी मोठा विद्यार्थी कामास येतो. त्याचेही बोट आपल्यासारखेच शाईने माखलेले असते. त्याची लेखणी कशी धरली आहे, मान किती वेळा वर होते, हे पाहून लहानग्यास धीर येतो की, आपल्यासारख्या हातासही ही ओळ उतरविता येते. विश्वासू माणसांची चरित्रे ती हीच. ती कित्ता नव्हेत. कित्ता गिरविणाऱ्या थोरल्या विद्यार्थ्याची ती वही आहे. तिच्यावरून लिहावयाचे नाही. तो कोठे पाहत होता ते तिच्यावरून शिकावयाचे.

आता आपल्या नागपुरातलाच एक थोरला विद्यार्थी पाहू. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडात ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. १८४५ साली ते नागपुरास आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. येथे त्यांनी शाळा काढली, मराठीतून उपदेश केला, आणि सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह आसपासच्या डोंगरांतील दगड व त्यांत दडलेले प्राचीन वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष गोळा केले. त्यांचा भूगर्भशास्त्रावरील निबंध विलायतेत विद्वानांनी वाखाणला. एका खनिजास त्यांचे नाव मिळाले. गोंड लोकांच्या भाषेची व चालीरीतींची माहिती त्यांनी अतिशय कष्टाने लिहून ठेविली. लिंगोचे जे दीर्घ गीत गोंडांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते तेही त्यांच्या कागदांत सापडले. हे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल ह्यांनी छापविले. १८८३ साली त्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज निघाले. त्यांचे नाव आजही विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे ते त्यामुळे.

हे सर्व ऐकून खेड्यातील धर्मशिक्षक म्हणेल, "अशा विद्वानाचे अनुकरण मी काय करणार? मला दगडांची पारख नाही, चार भाषा येत नाहीत." बंधू, थोडे थांबा, शास्त्राने आयुष्याची अखेर न्याहाळावयास सांगितले आहे, ती न्याहाळा. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर टेंपल ह्यांच्याबरोबर हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. वाटेत बोरी गावच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी ते मागे राहिले. ते काम आटोपून एकटेच घोड्यावरून तळाकडे निघाले, आणि पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. तो दिवस ४ सप्टेंबरचा. आणखी चार दिवसांनी त्यांस शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती.

पुढे प्रांताचे सर्वांत मोठे अधिकारी, मागे खेड्यातली शाळा. आणि ज्याच्या विद्वत्तेची कीर्ती समुद्रापार गेली तो मनुष्य मागे राहतो, चार पोरांच्या पाट्या पाहण्यासाठी! हे काम वर्तमानपत्रात छापून येण्याजोगे नव्हते. त्याने मंडळीची संख्या वाढणार नव्हती. अठरा वर्षांच्या श्रमानंतरही त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या थोडीच होती. परंतु ज्या प्रभूने मोठ्यांच्या गर्दीत लेकरांस जवळ बोलाविले, त्याच्याकडे ज्याची नजर होती त्यास खेड्यातल्या मुलाची पाटी क्षुल्लक वाटली नाही. हिस्लॉप ह्यांचा विश्वास जो म्हणतात तो येथे दिसतो. आणि हा विश्वास गिरविण्यास भूगर्भशास्त्र लागत नाही. निंबाच्या झाडाखाली आठ-दहा मुले घेऊन बसणारा, आणि कोणी पाहणारा नसतानाही सर्वांत मंद मुलाजवळ थांबणारा धर्मशिक्षक हा हिस्लॉपांच्या स्मरणार्थ लांबलचक भाषण करणाऱ्यापेक्षा त्यांचा खरा अनुयायी होय.

येथे एक शंका निघेल. ज्याचे चरित्र आपणांस ठाऊक आहे त्यास अनुसरता येईल. पण ज्याच्या विषयी काही ठाऊकच नाही त्यापासून काय शिकावे? त्याचे उत्तरही नागपुराजवळच आहे. नारायण वामन टिळक हे १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. त्याच डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्याने कवितेविषयी प्रेमाने गोष्टी केल्या आणि निघते वेळी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरिले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी मंडळीस लाभलेला हा थोर कवी एका आगगाडीतल्या भेटीने त्या वाटेस लागला. त्या प्रवाशाचे नाव पुष्कळ काळ लोकांस ठाऊकही नव्हते.

त्या प्रवाशाने टिळकांस आपली वही दाखविली नाही. माझ्यासारखा हो, असे तो म्हणाला नाही. त्याने माथ्यावरची ओळ दाखविली व तो निघून गेला. म्हणूनच टिळक जे झाले ते त्या साहेबासारखे झाले नाहीत. त्यांनी मराठीत अभंग व भजने रचिली, कीर्तने केली, आणि येशूची सेवा ह्या देशाच्या वाणीने करावी असा ध्यास घेतला. आपल्याकडील संत्र्याच्या बागेतला माळी हे चांगले जाणतो. तो जंभेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतो. तो डोळा दुसऱ्या झाडाचा असतो. पण त्यास पाणी मिळते ते ह्याच खुंटाच्या मुळ्यांनी, ह्याच मातीतून. त्याऐवजी कोणी दुसऱ्या झाडाची पिकलेली फळे आणून दोऱ्याने आपल्या झाडास बांधील, तर दोन दिवस बाग शोभेल आणि तिसऱ्या दिवशी माशा येतील. थोरांची वाक्ये पाठ करून प्रार्थना करणे, त्यांचा पोशाख व हातवारे उचलणे, हे दोऱ्याने फळे बांधणे आहे. विश्वासाचा डोळा भरला पाहिजे, आणि मग तो आपल्याच मातीत वाढू दिला पाहिजे.

आता सर्वांत कठीण गोष्टीकडे वळू. ज्यास आपण आदर्श मानितो त्याचे दोष दिसले म्हणजे काय करावे? दुरून सर्व डोंगर साजरे. जवळ राहणाऱ्यास दगडधोंडे दिसतात. टिळकांच्या अगदी जवळ राहणारी व्यक्ती म्हणजे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या दोघांचे घर मोडले होते. पुढे त्या पतीकडे परत आल्या, पण आपला जुना धर्म व सोवळे घेऊनच. पती गेला म्हणून त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. माणसामाणसांत जातीचा भेद देवाने केला असेल काय, ह्याचा त्यांनी स्वतः विचार केला, तो भेद आपल्या मनातून काढून टाकिला, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

१९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात त्यांनी पतीचे चित्र काढिले आहे. त्यात त्यांचा तापट स्वभाव आहे, विसराळूपणा आहे, घरात उद्याची सोय नसता हातचे देऊन टाकणे आहे. बाईंनी यातले काही झाकिले नाही. पुष्कळ ठिकाणी हसत हसत सांगितले आहे. तरी ग्रंथ वाचून झाल्यावर टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य, शाळेत न शिकलेल्या ह्या बाईंनीच पुढे पूर्ण केले. दोष दिसले म्हणून त्यांनी पतीचा विश्वास टाकिला नाही, आणि विश्वास घेतला म्हणून दोषांस गुण म्हटले नाही. पती कोठे पाहत होते ते त्यांनी ओळखिले आणि स्वतः तिकडे पाहिले. आदर्शाकडे कसे पाहावे हे शिकण्यास यापेक्षा प्रामाणिक उदाहरण आमच्या भाषेत क्वचितच सापडेल.

पण सर्वच लक्ष्मीबाईंसारखे पाहत नाहीत. कोणी उपदेशक बांधावरून भाऊबंदांशी भांडला, तर दुसऱ्या दिवशी चार जण म्हणतात, "उपदेशकच भांडतो, मग आम्ही का नाही?" विचार करा, हा मनुष्य उपदेशकास आदर्श मानीत होता, की आपल्या भांडणास कारण शोधीत होता? उपदेशकाच्या प्रार्थनेचे अनुकरण करण्यास तो कधी धावला नाही; चुकीच्या अनुकरणास मात्र वेळ लागला नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाची हकीकत आहे. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसत असे. यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा तो भिऊन मागे सरला. त्याचे पाहून इतरही सरले, आणि बर्णबासारखा भला माणूसही त्यात वाहवला. पंक्तीतून उठण्याची ती गोष्ट आपल्या देशात कोणास समजावून सांगावी लागणार नाही. पौलाने पेत्रास सर्वांदेखत दोष लाविला. त्याने हे केले म्हणून पेत्राचे प्रेषितपण गेले नाही. आणि पेत्र प्रेषित म्हणून पौलाने त्याची चूक पाठीशी घातली नाही.

आणि आता आरंभीच्या वचनाकडे पुन्हा पाहा. ख्रिस्ताने आपल्यापुढे कित्ता ठेविला असे लिहिणारा कोण? ज्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूस नाकारिले, तोच पेत्र. अंत्युखियाच्या पंक्तीतून जो उठला, तोच पेत्र. स्वतःची ओळ किती वेळा वाकडी गेली हे ज्यास पक्के ठाऊक होते त्याने, मला पाहून लिहा, असे म्हटले नाही. त्याने माथ्याकडे बोट दाखविले.

ज्याचा विश्वास एका माणसावर टांगलेला असतो त्याची स्थिती फार नाजूक असते. तो माणूस बदलून दुसऱ्या गावी गेला, आजारी पडला, मोहात पडला, की हाही पडतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय चौदावा, ह्यात लुस्त्रकरांची गोष्ट आहे. पांगळा बरा झालेला पाहून त्यांनी पौल व बर्णबा ह्यांस देव ठरविले, बैल व हार आणिले. आणि थोड्याच वेळाने, बाहेरच्यांनी मन फिरविताच, पौलास दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकिले. हार आणणारे व धोंडे मारणारे लोक निराळे नव्हते. माणसास देव करणे व माणसास धुळीस मिळविणे ह्या दोन्ही चुका एकाच मुळातून निघतात. जो आपल्या उपदेशकास आज अवास्तव वाखाणतो, तोच उद्या त्याची पहिली चूक गावभर करील, हे उपदेशकाने ध्यानात ठेवावे.

उपदेशक बंधूंनो, शेवटचे चार शब्द तुम्हांस सांगावयाचे आहेत. ज्यांस अक्षरओळख नाही ते तुमचे आचरण वाचीत असतात. उधारी वेळेवर फेडता की नाही, घरी बायकोमुलांशी कसे बोलता, श्रीमंताच्या व गरिबाच्या अंगणात सारखाच वेळ बसता की नाही, ह्या सर्वांचे वाचन गावात रोज चालते. हे ओझे जड वाटून कोणी म्हणेल, "माझ्याकडे पाहू नका, मी पापी आहे." असे म्हणणे नम्रतेचे दिसते, पण बहुधा ती सुटकेची युक्ती असते. पौल तसे म्हणाला नाही. करिंथकरांस त्याने आपले अनुकरण करावयास सांगितले, परंतु आपण ख्रिस्ताचे करितो त्या रीतीने, हे जोडून सांगितले. तुम्हीही पाहू द्या. आणि ओळ चुकली तर ती बाहीने झाकू नका, सर्वांसमोर पुसा. ज्याच्याशी भांडलात त्याच्या दारी जाऊन क्षमा मागा. लेकरे शुद्ध अक्षर पाहून शिकतात हे खरे, पण पाटी पुसता येते हेही त्यांस कोणाच्या तरी पाटीवरूनच कळावे लागते. हे ज्या मंडळीत कळत नाही तेथे लोक एकतर दोष झाकावयास शिकतात, नाहीतर एकदा पडल्यावर उठण्याची आशा सोडतात.

वाचक बंधुभगिनींनो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे करावे. ज्या माणसाच्या योगाने आपणांस प्रभूची ओळख झाली त्याचे नाव घेऊन देवाचे आभार मानावे, मग तो हिस्लॉपांसारखा प्रसिद्ध असो, की आगगाडीतल्या प्रवाशासारखा अनोळखी, की लुगड्याच्या पदराने डोळे पुसून प्रार्थना करणारी आपलीच आई असो. त्याचे दोष आठवले तर तेही देवाजवळ ठेवावे. मग त्याची नजर कोठे लागली होती ते आठवून आपणही तिकडे पाहावे. आणि शेवटी हेही मनात आणावे की, आपल्या शेजारी बसलेले कोणी लहानगे ह्या क्षणी आपल्याच पाटीकडे पाहत आहे. त्यास आपली वाकडी ओळ दिसणारच. पण आपली मान वर झालेली त्यास दिसली, तर तेही वर पाहील.